चौदा दिवसांचा अर्ज, एकवीस महिन्यांची वाट

एका कंपनीकडे आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे 1 कोटी 12 लाख थकले होते. मागणी नोटीस, दहा दिवसांची मुदत, 2000 रुपये फी भरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे (NCLT) कलम 9 चा, म्हणजे त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू करण्याचा अर्ज, सगळं वेळेवर झालं. अशा अर्जावर चौदा दिवसांत निर्णय व्हावा, असं दिवाळखोरी संहितेत लिहिलंय. ही मुदत बंधनकारक नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल आहे, हे मला फार उशिरा कळलं.

न्यायाधिकरणाच्या खंडपीठाला एक न्यायिक आणि एक तांत्रिक असे दोन सदस्य लागतात. आमच्याकडचे तांत्रिक सदस्य निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही, दुसऱ्या खंडपीठाच्या सदस्यांकडे जादा कार्यभार आला आणि कामकाज अर्ध्या दिवसावर आलं. बोर्डावर आमचा नंबर 58. पंधराव्या प्रकरणापर्यंत वेळ संपायची. मग पुढची तारीख, कधी सहा आठवड्यांनी, कधी आठ. एकदाचा युक्तिवाद झाला, निकाल राखून ठेवला, आणि तो येण्याआधीच न्यायिक सदस्यांची मुदत संपली. नव्या सदस्यांपुढे पुन्हा पहिल्यापासून! त्या दिवशी मी फायलींची पिशवी मांडीवर घेऊन जिन्यातच बसून राहिलो.

सदस्यांवर माझा राग नाही, त्यांच्या टेबलावरचे गठ्ठे मी पाहिलेत. देशभरात मंजूर जागाच अध्यक्षांसह 63, आणि याच लोकांकडे कंपन्यांच्या विलीनीकरणाची आणि भागधारकांच्या तंट्यांची प्रकरणंही असतात. जागा वाढवा, आणि निवृत्तीची तारीख आधीच माहीत असते तर नेमणूकही आधीच करा.

कारण नुसता अर्ज दाखल केल्याने कंपनीची मालमत्ता गोठत नाही. अर्ज स्वीकारला गेला तरच स्थगिती लागते. तोवर माल विकायला कंपनी मोकळी.

हो, तुम्ही अर्ज करणार असाल तर थकबाकी किमान 1 कोटी हवी, 2020 पासून तशी अट आहे. पैसे थकल्यापासून तीन वर्षांची कालमर्यादा मोजा. आणि मालाच्या दर्जाबद्दल समोरच्याने नोटिशीआधी एखादी तक्रारीची ईमेल पाठवली असेल, तर ती वकिलांना पहिल्याच भेटीत दाखवा, आधीचा वाद निघाला की अर्ज फेटाळला जातो.

आमचा अर्ज अखेर स्वीकारला गेला. कंपनीचा कारभार सांभाळायला नेमलेले हंगामी व्यावसायिक ताबा घ्यायला गेले, तेव्हा शेडमध्ये यंत्रांच्या जागी सिमेंटात रुतलेले बोल्ट तेवढे होते.