गॉलवेहून इनिश मोर: जाणाऱ्या सोलापूरकरांसाठी

गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर, कॉलेजमधल्या दोन ज्युनिअर मुली भेटल्या. दोघींना सप्टेंबरपासून आयर्लंडच्या गॉलवे विद्यापीठात प्रवेश मिळालाय. मी तिथं वर्षभर एम.एस्सी. करून ऑक्टोबरात परतले, त्यामुळे प्रश्नांची रांगच लागली. थंडी किती? सुट्टीत कुठं जायचं? गर्दीत धड बोलणं झालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

थंडीला घाबरू नका. हिवाळ्यातही पारा सहसा शून्याच्या वरच असतो, जॅकेटवर भागतं. आपल्याला जड जातो तो वारा. सोलापुरात उन्हाची सवय असते, वळवाच्या वावटळीची असते. पण अटलांटिकवरून येणारं वारं दिवसभर थांबतच नाही. सायकलवर, बोटीत, कड्यावर, सगळीकडं आधी त्याचा विचार करायचा.

सुट्टीत जायचं तर पहिल्यांदा अरन बेटांवर जा. तीन बेटं आहेत, त्यातलं मोठं इनिश मोर. आम्ही सहाजण गेलो होतो: मी, अकलूजचा एक मुलगा, हैदराबादची एक, केरळचे दोघं आणि माझी ब्राझीलची रूममेट. आमचा पहिला बेत फसला. सकाळी सगळे तयार होऊन बसलो आणि वाऱ्यामुळे बोटीची फेरीच रद्द झाल्याचं कळलं. म्हणून सांगते, आदल्या रात्री मेट एरन या त्यांच्या हवामान खात्याचा अंदाज बघा. पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे असतात. नारिंगी दिसला की बेत पुढं ढकला. शनिवारी जाणार असाल तर रविवार मोकळा ठेवा.

गॉलवेतून बसनं रोसाव्हील बंदर साधारण तासाभरावर, तिथून बोटीनं चाळीस मिनिटं. बोट लागत असेल तर सकाळी पोटभर खाऊ नका आणि आत न बसता मागच्या उघड्या भागात, क्षितिजाकडं बघत बसा. हैदराबादच्या मैत्रिणीला त्यानंच बरं वाटलं.

किलरोनन धक्क्यावर उतरलं की सायकली भाड्यानं मिळतात. बेट लांबीला सुमारे १४ किलोमीटर. वारं बहुतेक पश्चिमेकडून येतं आणि जिथं जायचं तो दून एंगस किल्लाही पश्चिमेलाच, म्हणजे जाताना वारं अंगावर. सात किलोमीटरला आम्हाला सव्वा तास लागला, येताना निम्मा. वेळेचा हिशेब तसा धरा. रस्ते दोन आहेत. जाताना किनाऱ्याचा खालचा रस्ता घ्या, चढ कमी आहे आणि ओहोटी असेल तर खडकांवर सील पडलेले दिसतात.

वाटेत मी बराच वेळ एका वाफ्यापाशी थांबले. बेट म्हणजे करड्या चुनखडीची सलग फरशी, माती जवळपास नाहीच. तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रातलं शेवाळ आणि वाळू पाठीवर वाहून आणली, खडकावर थरावर थर पसरले आणि त्यात बटाटे लावले. मी ती माती चिमटीत घेतली. भुसभुशीत, करडी, मधेच शिंपल्याचे पांढरे कण. मंगळवेढ्याला आमचं सहा एकर काळं रान आहे. तिथली ओली माती मुठीत धरली की चिकटून बसते, आणि त्या ओलीवर शाळू थंडीभर तग धरतो. आम्हाला ती जमीन आयती मिळाली. इथं लोकांनी जमीनच तयार केली होती. आजोबांना फोन लावून हे सांगितलं तर ते म्हणाले, "हातानं केलेली माती? फोटो पाठव बरं."

शेतांभोवतीच्या दगडी बांधांना चुना नाही, सिमेंट नाही. दगडांमधून आरपार आभाळ दिसतं, वारं त्या फटींतून निघून जातं म्हणून बांध टिकतात. बऱ्याच शेतांना फाटकही नसतं. गुरं आत सोडायची तर बांधाचे दगड काढायचे आणि पुन्हा रचायचे. कृपा करून त्या बांधांवर चढू नका.

बेटावर आयरिश भाषा रोजच्या बोलण्यात आहे, पाट्याही तिच्यात. दुकानदारीण शेजारणीशी आयरिशमध्ये आणि आमच्याशी इंग्रजीत बोलत होती. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू आणि बाजारात कन्नड ऐकत वाढलेल्या मला ते फार जवळचं वाटलं. निघताना 'स्लॉन' म्हणा, त्यांना बरं वाटतं.

दून एंगस हा किल्ला तळापासून वीस मिनिटांच्या चढावर. तिथली वस्ती ३,००० वर्षांहून जुनी. आपल्या भुईकोटाला चहूबाजूंनी तट. इथं तट अर्धगोल, कारण उरलेल्या बाजूला जवळपास शंभर मीटरचा सरळ कडा आणि खाली समुद्र. कठडा नाही. वाऱ्याचा झोत मधेच येतो आणि मधेच पडतो, अंग सावरायला वेळ मिळत नाही. काठापासून चांगलं लांब थांबा, सेल्फीसाठी तर अजिबात पुढं जाऊ नका. अकलूजच्या मुलाला मी हाताला धरून मागं ओढलं होतं, आजही आठवलं की छातीत धडधडतं. अडचण आली तर ११२ लावून कोस्ट गार्ड मागा.

छत्री नेऊ नका, रेनजॅकेट आणि रेनपँट न्या. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या. हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात आणि डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. तटाच्या आडोशाला बसून आम्ही तेच खाल्लं, ब्राझीलच्या मैत्रिणीनं चटणी दोनदा मागून घेतली. पण इथून जाताना बॅगेत पेढे, खवा, तूप भरू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडं नेता येत नाहीत.

मोहरचे कडे २१४ मीटर उंच, बसनं सहज होतात, पण गर्दी असते. ते दुसऱ्या एखाद्या शनिवारी करा. जायंट्स कॉजवे मात्र उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. वाटेत कुणी अडवत नाही म्हणून विद्यार्थी जातात, पण आयर्लंडच्या परमिटवर आपल्याला तिथं जाता येत नाही. ब्रिटनचा व्हिसा आधी काढा.

माझं रेनजॅकेट आणि पँट धुऊन ठेवलीय. दोघींपैकी जिच्या मापाची असेल तिनं ऑगस्टच्या आधी घरी येऊन घेऊन जावी.