आमची वाटचाल : चवळीच्या पिठापासून माशाच्या लगद्यापर्यंत

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमचा कारखाना वडिलांनी कडधान्यांची पिठे दळण्यासाठी सुरू केला. माशांशी आमचा संबंध आला तो कोकणातील एका ग्राहकामुळे. ते राणी माशाच्या सुरिमीपासून, म्हणजे धुतलेल्या माशाच्या मांसाच्या लगद्यापासून, गोळे बनवत, परंतु उकडल्यावर ते लवचीक होण्याऐवजी भुसभुशीत होत.

दोष माशाच्या स्नायूंतच होता. सुरिमी मिठाबरोबर घोटली की मायोसिन हे प्रथिन मोकळे होते आणि तापताना त्याची जाळी बांधली जाऊन लगद्याला लवचीकपणा येतो. मात्र ६० अंश सेल्सिअसच्या आसपास माशातीलच काही विकरे (एन्झाइम) जोमाने काम करू लागतात आणि बांधली जात असलेली ती जाळी तोडतात. कच्च्या चवळीत अशा काही विकरांना अडवणारी प्रथिने असतात. कच्ची कडधान्ये पचायला जड जातात त्याचे हेही एक कारण आहे, आणि आजवर आम्ही ज्याला उणीव समजत होतो तेच येथे उपयोगी पडणार होते.

चवळीचा पहिला अर्क मात्र पूर्ण वाया गेला. आम्ही तो नेहमीच्या गरम हवेच्या ड्रायरमध्ये वाळवला आणि त्या उष्णतेने अडवणारी प्रथिनेच निकामी झाली असावीत, असे आम्हाला वाटले. त्यानंतर कमी तापमानात वाळवण्याची पद्धत बसवायला आम्हाला बराच काळ लागला, आणि तो लागला याचे मला आजही वाईट वाटत नाही. प्रमाणही सांभाळावे लागते, कारण अर्क जास्त झाला की लगदा काळपट दिसतो आणि त्याला कडधान्याचा उग्र वास येतो.

आता अर्काच्या प्रत्येक खेपेचा नमुना माशाच्या लगद्यात मिसळून आम्ही तो लगदा ४० अंशांवर अर्धा तास आणि मग ९० अंशांवर २० मिनिटे ठेवतो, थंड झाल्यावर त्याची ३ मिलिमीटर जाडीची चकती कापतो आणि तिची चौघडी करून पाहतो. चकतीला चीर गेली नाही, तरच तो माल बाहेर जातो.

प्रत्येक माशाला चवळी चालत नाही, हे आम्ही ग्राहकाला आधीच सांगतो. पॅसिफिक व्हायटिंगसारख्या माशात कॅथेप्सिन एल हे वेगळ्या जातीचे विकर त्रास देते. तेथे बटाट्याचा अर्क किंवा अंड्याचा पांढरा भाग अधिक उपयोगी पडतो, आणि ते आम्ही बनवत नाही.