अंधाऱ्या खिडक्या मोजताना

बदलीचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी दादाचा फोन. "आता तरी तिकडे फ्लॅट घेऊन टाक. भाडं म्हणजे पैसे पाण्यात." गेली दहा वर्षं तो हेच सांगतोय आणि प्रत्येक बदलीला माझा निर्धार थोडा थोडा ढिला होतोय. या वेळी जवळजवळ सुटलाच होता.

नव्या गावी आल्यावर दोन शनिवार-रविवार घरं बघण्यात गेले. एजंट न्यायचा ते सकाळी, लख्ख उन्हात. एक इमारत मनात भरली. म्हणून मंगळवारी रात्री साडेआठला एकटीच पुन्हा गेले. रस्त्याच्या बाजूने 30 घरं दिसत होती. दिवा किती घरांत? सात. दोनदा मोजले. वॉचमन म्हणाला, "घरं सगळी विकली गेलीयत ताई, राहायला कोणी आलं नाही एवढंच."

म्हणजे सगळे माझ्यासारखेच! उद्या माझी बदली झाली आणि भाडेकरू शोधायची वेळ आली, तर या 23 अंधाऱ्या खिडक्या माझ्याच रांगेत उभ्या असणार. विकायला काढलं तरी तेच.

घरी येऊन वही काढली. माझी इथली नेमणूक तीन वर्षांची. 20 वर्षांचं कर्ज, 9 टक्के व्याज धरलं, तर पहिल्या हप्त्यातले शंभरातले 83 रुपये नुसत्या व्याजात जातात. तीन वर्षं नेमाने हप्ते भरूनही मुद्दल फिटतं जेमतेम 6 टक्के. दस्तनोंदणी, दलाली, वकील हा खर्च वेगळा, आणि तो तीन वर्षांत भरून निघायचा तर किमती चांगल्याच चढायला हव्यात. दादाला पाण्यात गेलेलं भाडं दिसतं, पाण्यात गेलेलं व्याज दिसत नाही.

मग त्याच इमारतीतल्या घराच्या किमतीला वर्षाच्या भाड्याने भागलं. उत्तर 38. म्हणजे परतावा वर्षाला 2.6 टक्के. त्यातून मेंटेनन्स आणि कर वजा. घर एक महिना रिकामं राहिलं, तर वर्षाच्या भाड्यातले 8 टक्के तिथेच गेले.

आम्ही आधी जिथे राहत होतो, तिथल्या एका जुन्या, रंग उडालेल्या इमारतीचा हाच भागाकार 22 येतो. लिफ्ट कुरकुरते, पण घर रिकामं झालं की आठवड्यात भाडेकरू. उन्हाळ्यात कुठल्या विंगला पाणी चढत नाही, हेही मला ठाऊक आहे. आणि दादा तिथून दहा मिनिटांवर राहतो. एवढा आग्रह करतोय, तर किल्ल्या सांभाळेल!

तिथे दोन खोल्यांची बोलणी चालू आहेत. इथे ऑफिसजवळ भाड्याने राहतेय.

परवा रात्री त्या इमारतीवरून गेले. सवयीने मोजले. नऊ झालेत.