19 सामने, 16 गुण: प्रशिक्षक ठेवायचा की बदलायचा?

निम्मा हंगाम संपला तेव्हा आमचा फुटबॉल संघ गुणतालिकेत तळातून दुसरा होता. 4 विजय, 4 बरोबरी, 11 पराभव. संचालक मंडळाने तातडीची बैठक बोलावली. मुख्य प्रशिक्षकांना ठेवायचं की नाही, एवढाच विषय होता. सामन्यांचं विश्लेषण माझ्याकडे असल्याने आकडे आणि व्हिडिओ मीच मांडले. बाहेरच्यांना फक्त निकाल दिसतो, पण त्या दिवशी खोलीत काय तपासलं गेलं हेच जास्त महत्त्वाचं आहे.

पडद्यावरचा पहिला तक्ता: 17 गोल केले, 33 खाल्ले. शेजारी एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल. फटका कुठून मारला, कोन काय होता, पाय होता की डोकं, यावरून तो गोल होण्याची शक्यता काढतात. पेनल्टीला पाऊणच्या थोडं वर मूल्य मिळतं, बॉक्सबाहेरून, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनाबाहेरून, लांबून मारलेल्या फटक्याला जेमतेम 0.03. सगळ्या फटक्यांची बेरीज केली तर आमचा एक्सजी 23.5 आणि आमच्याविरुद्ध 26.1. गोलफरक उणे 16, संधींमधला फरक मात्र उणे 2.6.

"म्हणजे नशीबच साथ देत नाहीये," एक संचालक म्हणाले. असं होतं हे खरं आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये डॉर्टमुंड 19 सामन्यांत 16 गुण घेऊन बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, तळाला होतं. क्लबने हंगाम संपेपर्यंत प्रशिक्षक युर्गन क्लॉपना हलवलं नाही आणि संघ सातवा आला. आमच्याही आकड्यांत दुर्दैवाचा वाटा होताच. खाल्लेल्या 33 पैकी दोन स्वयंगोल होते. उरलेले 31 गोल घेतले, तर गोलच्या चौकटीत आलेले फटके कुठल्या कोपऱ्यात गेले हे धरून त्यांचं मूल्य 27 भरत होतं. म्हणजे चारेक गोल गोलरक्षकाच्या खराब फॉर्ममुळे गेले.

पण मंडळाने इथेच थांबून निर्णय घेतला असता तर तो चुकीच्या पायावर उभा राहिला असता. मागे पडलेला संघ जोर लावतो आणि पुढे असलेला मागे सरकतो, त्यामुळे हरणाऱ्या संघाचा एक्सजी आपोआप फुगतो. म्हणून दुसरा तक्ता सामन्याच्या स्थितीनुसार फोडलेला होता. आम्ही मागे असताना 13.6 विरुद्ध 8.9. पुढे असताना 1.7 विरुद्ध 4.2. आणि बरोबरीत असताना, जिथे संघाची खरी ताकद दिसते, तिथे 8.2 विरुद्ध 13.0. कच्चे आकडे घालून उरलेले 19 सामने संगणकावर दहा हजार वेळा खेळवले तर सरासरी 26 गुण येत होते. स्थितीची दुरुस्ती केल्यावर 21. श्रेणीत टिकणं आणि खालच्या श्रेणीत घसरणं यांत इतकंच अंतर असतं. नशिबाचा मुद्दा तिथे निम्म्यावर आला.

मग व्हिडिओ. बरोबरीत असताना खाल्लेले गोल एकामागोमाग लावले, तेव्हा सुरुवात जवळजवळ सारखीच दिसली. आमच्या गोलकिकवरून चेंडू उजव्या सेंटर-बॅककडे, म्हणजे मधल्या बचावपटूकडे, येतो. दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, मध्यरेषेपाशी गेलेले. बचावाच्या पुढे उभा राहणारा होल्डिंग मिडफिल्डर एकटाच, आणि समोरच्यांचा दहा नंबर, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणारा, त्याच्या पाठीला चिकटलेला. त्यांचा स्ट्रायकर सरळ धावत येत नाही, बाहेरून वळसा घेत येतो, त्यामुळे दुसऱ्या सेंटर-बॅककडे पास द्यायची वाट बंद होते. उरतो मधला पास किंवा उंच लांब चेंडू. मधला पास तुटला की आमच्या बचावापुढे चाळीस मीटर रिकामं मैदान.

ही रचना आदल्या हंगामात चालली होती, कारण तेव्हाचा डावखुरा मिडफिल्डर खाली येऊन डाव्या सेंटर-बॅकशेजारी चेंडू घ्यायचा. उन्हाळ्यात त्याला विकलं आणि तसा खेळाडू आणला नाही. विकण्याचा निर्णय क्लबचा होता. पण खेळाडू गेल्यावरही 19 सामने तीच रचना ठेवणं हा प्रशिक्षकांचा दोष होता, आणि माझ्या मते त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा तोच होता.

दुसरी गळती कॉर्नरची. 33 पैकी 9 गोल कॉर्नरवरून गेले, त्यातले 6 जवळच्या खांबापाशी, म्हणजे कॉर्नर घेतात त्या बाजूच्या गोलखांबापाशी, डोकं लावून पुढे सरकवलेल्या चेंडूवर. आम्ही एकेका माणसामागे न लागता जागेनुसार बचाव करतो. सहा यार्डांच्या रेषेवर पाच जण, त्यांच्यापुढे धावणाऱ्यांना अडवायला तीन. जवळच्या खांबाची जागा आमच्या उंच स्ट्रायकरची असायची. तो जखमी झाला आणि त्या जागी विंगर उभा राहू लागला. त्याच्या डोक्यावरून चेंडू जायचा आणि मागच्यांची जागा चुकायची. ही बाब सरावात सुधारता येण्याजोगी आहे, त्यासाठी मुख्य प्रशिक्षक बदलावा लागत नाही.

बदलाच्या बाजूनेही प्रामाणिकपणे मांडणी झाली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये जानेवारी 2023 मध्ये एव्हर्टनने 20 सामन्यांत 15 गुण असताना प्रशिक्षक लॅम्पार्डना काढून डाइश यांना आणलं, आणि शेवटच्या दिवशी बोर्नमथला 1-0 हरवून संघ टिकला. पण त्याच डाइश यांना बर्नलीने एप्रिल 2022 मध्ये आठ सामने उरले असताना काढलं आणि बर्नली घसरलंच. लेस्टरने एप्रिल 2023 मध्ये दहा सामने बाकी असताना रॉजर्सना काढलं, तेही घसरले. नेदरलँड्सच्या सर्वोच्च लीगमधल्या हकालपट्ट्यांचा अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला आहे. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सावरतो, पण तितकाच वाईट काळ असूनही ज्यांनी प्रशिक्षक ठेवला तेही तेवढेच सावरतात. घसरगुंडीच्या तळाशी असताना काढलं की पुढचा चढ नव्या माणसाच्या नावावर जमा होतो.

म्हणून क्रीडा संचालकांनी प्रश्नच बदलला. जे बिघडलंय त्यातलं नवा माणूस काय दुरुस्त करेल, आणि किती आठवड्यांत? खेळाडू तेच. आठवड्याच्या मध्ये सामना असला की खरा सराव दोनच दिवस. करारातली भरपाई आणि सहाय्यकांचे पगार दिल्यावर मधल्या ट्रान्स्फर विंडोसाठी, म्हणजे हंगामाच्या मध्यावर खेळाडू घेण्याच्या मुदतीसाठी, काहीच उरत नव्हतं, आणि आम्हाला तर डावखुरा मिडफिल्डर हवा होता. शिवाय बदली माणसाचं नावही ठरलेलं नव्हतं. नाव हातात नसताना काढणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

ड्रेसिंग रूम हातातून गेली आहे का, हेही पाहिलं. गेली असती तर बाकीची चर्चा व्यर्थ होती. चेंडू गमावल्यावर खेळाडू मागे किती वेगाने धावतात हे जीपीएसच्या नोंदींत सापडतं. त्यात घट नव्हती. कर्णधार आणि उपकर्णधारांशी वेगवेगळं बोलणं झालं, दोघांचीही तक्रार रचनेबद्दल होती, माणसाबद्दल नव्हती.

मग प्रशिक्षकांना आत बोलावलं. "कोच, पुढच्या पाच सामन्यांत आम्हाला काय वेगळं दिसेल?" त्यांनी फळ्यावर आखून दाखवलं. डावा फुलबॅक मागेच थांबेल, चेंडू बाहेर काढताना तीन जणांची फळी होईल, होल्डिंग मिडफिल्डरच्या शेजारी दुसरा माणूस येईल. कॉर्नरला जवळच्या खांबापाशी सेंटर-बॅक. सेट-पीससाठी, म्हणजे कॉर्नर, फ्री किकसारख्या थांबलेल्या चेंडूंसाठी, स्वतंत्र प्रशिक्षक त्यांनी स्वतःहून मागितला. हे उत्तर ऐकून माझं मत पक्कं झालं. "मुलांनी जिद्द दाखवायला हवी" एवढंच ते म्हणाले असते तर मी काढण्याच्या बाजूने बोललो असतो.

मंडळाने त्यांना ठेवलं, पण अटी लिहून घेतल्या. पाच सामन्यांनंतर आढावा, निकष गुणांचा नाही. बरोबरीत असतानाचा एक्सजी फरक, स्वतःच्या अर्ध्या मैदानात गमावलेले चेंडू, कॉर्नरवरून दिलेले फटके, या तीन गोष्टी बघायच्या. दरम्यान क्रीडा संचालकांनी पर्यायी तीन नावं तयार ठेवायची, आणि हे प्रशिक्षकांना सांगूनच. लपवलं असतं तर बातमी फुटली असती आणि उरलेला विश्वासही गेला असता.

पाच सामन्यांत 5 गुण आले. दुसऱ्या पराभवानंतर हकालपट्टीचा विषय पुन्हा निघाला, तेव्हा टेबलावर तोच तक्ता ठेवला. अखेर पाच सामन्यांची बेरीज झाली तेव्हा बरोबरीत असतानाचा एक्सजी 2.9 विरुद्ध 3.1 होता आणि उसना आणलेला डावखुरा मिडफिल्डर नुकता खेळू लागला होता. कॉर्नरवरून एकच गोल गेला, तोही दूरच्या खांबावर. सेंटर-बॅक पुढे आल्याने तिकडे उंची कमी पडत होती. आता तिथे कोणाला उभं करायचं, यावर सेट-पीस प्रशिक्षक काम करत आहेत.