रत्नागिरीतली छोटी अ‍ॅड एजन्सी चालवणारी माणसं

अ‍ॅड एजन्सी म्हटलं की सगळ्यांना मुंबईच आठवते, आणि ते बरोबरच आहे, १९०५ मध्ये गिरगावात बी. दत्ताराम सुरू झाली तेव्हापासून मराठी माणूसही तिथेच या धंद्यात आहे. पण आमच्या रत्नागिरीत दोन खोल्यांत एक नवरा-बायको आणि एक पेंटरकाका मिळून जी एजन्सी चालवतात त्यांच्याबद्दल मला कधीपासून लिहायचं होतं. मी त्यांच्यासाठी अधूनमधून कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहितो त्यामुळे आतलं सगळं बघायला मिळतं.

क्लायंटशी बोलायचं काम वहिनीचं. आंबा बागायतदार आला की ती लोगोचा विषयच काढत नाही, कलमं किती जुनी, आंबा पेंढ्यात पिकवता का, माल वाशीला जातो की थेट गिऱ्हाईकाच्या घरी, असं विचारत बसते. एकजण असंच बोलता बोलता म्हणाले, आम्ही सगळा आंबा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, देठ ठेवून उतरवतो, चीक सालीवर येत नाही. वहिनीने तिथेच थांबवलं त्यांना, आणि पेटीवर तेच गेलं, ‘देठासकट, झेल्याने उतरवलेला’. मी दोन दिवस घासून लिहिलेल्या ओळी बाजूला पडल्या आणि पडायलाच हव्या होत्या, कारण ही ओळ त्या माणसाचीच होती ना.

मग दादाचं काम सुरू. स्क्रीनवर छान केशरी-पिवळा दिसणारा रंग तपकिरी पुठ्ठ्यावर छापला की मातकट होतो, म्हणून त्याने पिवळा काढूनच टाकला, गडद लाल आणि काळा एवढंच ठेवलं, आणि सॅम्पल ट्यूबलाइटखाली बघून पास नाही केलं, बाहेर उन्हात नेऊन बघितलं. खर्चही कमी झाला.

पेंटरकाका आधी मिरकरवाड्यात बोटींवर नावं रंगवायचे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्या दिवसांत बोटी रंगवून घेतात, तेव्हा काकांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. आता ते कागदावर ब्रशने अक्षर काढतात आणि दादा ते कॉम्प्युटरवर घेतो. त्यांचा ‘ळ’ बघा एकदा, असा भरदार वळलेला ळ कुठल्या फॉन्टात नाही मिळायचा.

आणि एक गोष्ट मला फार मोठी वाटते. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्याच मालाला ते नाव लावता येईल असं भौगोलिक मानांकन, मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर एवढ्याच जिल्ह्यांसाठी. तरी एक व्यापारी कर्नाटकातल्या आंब्यासाठी ‘देवगड हापूस’ लिहिलेली पेटी करून मागत होता, मोठी ऑर्डर, ऐन मार्चमध्ये, ऑफिसचं भाडं थकलेलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दादा सरळ म्हणाला, साहेब हे आमच्याकडून नाही होणार, आंबा जिथला आहे तिथलं नाव लिहा, तेही छान करून देतो. माणूस उठून गेला. वहिनीने लगेच पुढच्या बागायतदाराला फोन लावला.

एवढं सगळं करून पैसे मात्र ‘सीझन संपला की देतो’ यावरच अडकतात. पेटीवाल्याला रोख, ट्रान्सपोर्टला रोख, आणि डिझाइनवाला घरचा माणूस! अरे, त्यालाही प्रिंटरला अ‍ॅडव्हान्स द्यावा लागतो, काकांचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. तुमच्या गावात अशी माणसं असतील तर प्लीज काम देतानाच निम्मे पैसे द्या, आणि उरलेले पेट्या छापून आल्या त्याच दिवशी.