फिफ्टीज टेलीचे पिकअप बदलण्याआधी हे करा

फेंडरच्या स्वस्त स्क्वायर ब्रँडची क्लासिक व्हाइब फिफ्टीज टेलिकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार घरी आली की पुष्कळ जण पहिल्याच आठवड्यात नवे पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबकी भाग) शोधायला लागतात. जरा थांबा. या गिटारच्या पिकअपमध्ये फारसं काही उणं नाही. उणं असतं ते नटच्या (तारा टेकतात ती हेडस्टॉककडची पट्टी) खाचांत, सॅडलमध्ये (तारा टेकतात ते ब्रिजवरचे तुकडे) आणि पिकअपच्या उंचीत. स्क्रूड्रायव्हर, अ‍ॅलन की, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि ट्यूनर एवढ्या सामानावर यातलं बरंचसं एका दुपारी मार्गी लागतं. पिकअपचा निकाल त्यानंतर लावावा.

आधी हे पाहू की यात जुनं काय आहे आणि जुन्याच्या नावाखाली नवं काय घातलंय. लिओ फेंडरने १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर बाजारात आणल्या. ब्रॉडकास्टर हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत असल्याने हरकत आली आणि १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली. त्या काळातल्या तीन गोष्टी या स्वस्त आवृत्तीत जशाच्या तशा आहेत: कडा न घोटलेली फळीसारखी बॉडी, पाठीमागून बॉडीतून येणाऱ्या तारा आणि दोन-दोन तारांना मिळून एकेक असे तीन सॅडल. बॉडी पाइनची आहे. उत्पादनातल्या जुन्या गिटार अ‍ॅशच्या असल्या तरी लिओ फेंडरचे सुरुवातीचे नमुने पाइनचेच होते, त्यामुळे पाइन पाहून नाक मुरडायचं कारण नाही. पाइन मऊ असतं, एवढं मात्र ध्यानात ठेवा. स्क्रू आवळताना त्याचा संबंध येतो.

नवं आहे ते नेकवर. जुन्या फेंडरच्या फ्रेटबोर्डच्या (धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, बसवलेली फळी) गोलाईची त्रिज्या ७.२५ इंच, म्हणजे बऱ्यापैकी फुगीर. कॉर्डला हात छान बसतो, पण अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली असताना वरच्या फ्रेटवर बारीक ई किंवा बी तार (जाडीकडून बारीककडे तारांची नावं ई, ए, डी, जी, बी, ई) पूर्ण सुराने ओढली, म्हणजे बेंड केली, की ती फुगवट्याच्या माथ्यावर चढते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर तिथेच मरतो. इथे गोलाई ९.५ इंच, म्हणजे जास्त सपाट आहे. त्यामुळे बाराव्या फ्रेटच्या पुढे बेंड मोकळा वाजतो. नट हाडाचं आणि ४२ मिमी रुंद, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून फिरतो. जुन्या फेंडरमध्ये तो फिरवायला नेक सैल करावा लागायचा, तेव्हा ही फसवणूक असलीच तर सोयीची आहे.

२०१९ नंतर इंडोनेशियात बनणाऱ्या या मालिकेत फ्रेट अरुंद आणि उंच आहेत. हात जड असणाऱ्यांना ते सुरुवातीला बेसूर वाटतात. ट्यूनर लावून जी तारेचा दुसरा फ्रेट आधी हलका दाबा, मग जोर लावून दाबा. काटा वर सरकताना दिसेल. तार फ्रेटला टेकली की काम झालं, बोट लाकडापर्यंत नेण्याची गरज नाही. ही सवय लागली की हेच फ्रेट बेंड आणि व्हायब्रेटोसाठी फार सोपे पडतात, कारण बोटाचं टोक लाकडाला न घासता तारेला नीट पकडतं.

नेकच्या मागचं चकचकीत फिनिश घामट हाताला चिकटतं. त्यावर स्टील वूल फिरवू नका. त्याचे लोखंडी कण पिकअपच्या चुंबकांना जाऊन बसतात आणि निघता निघत नाहीत. बारीक प्रतीचा राखाडी नायलॉन पॅड तारांच्या दिशेने हलक्या हाताने दहा-बारा वेळा फिरवला की पुरतं. फ्रेटबोर्डही मेपलचा आणि फिनिश केलेला आहे, त्यामुळे त्याला लेमन ऑइल लावण्यात काही अर्थ नाही. ओलसर कापड बस झालं.

आता सेटअप. यात क्रमाला महत्त्व आहे, कारण प्रत्येक पायरी पुढचीचं माप बदलते. आधी नव्या तारा चढवा, ज्या जाडीच्या कायम वापरणार त्याच. जुन्या पद्धतीच्या खुंटीच्या खांबाला वरून चीर आणि मधोमध भोक असतं. तार ताणून धरायची, आपल्या खांबाच्या पुढे साधारण दोन खांबांएवढं अंतर सोडून कापायची, टोक भोकात सरळ खाली खुपसायचं, चिरेतून काटकोनात वळवायचं आणि मग गुंडाळायचं. आधी गुंडाळून मग कापायला गेलात तर तार घसरते. डी आणि जी तारांना बहुधा स्ट्रिंग ट्री (तार खाली दाबून धरणारा हेडस्टॉकवरचा आकडा) नसते, म्हणून त्यांचे वेढे खांबाच्या तळापर्यंत न्या. तसं न केल्यास नटवर दाब कमी पडतो आणि मोकळी तार सतारीसारखी झणझणते.

मग नेक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट मोजा. ०.२५ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. रॉड अडल्यासारखा वाटला तर तिथेच थांबा. अ‍ॅक्शन खाली आणण्यासाठी ट्रस रॉड आवळणं ही नेहमीची चूक आहे. रॉडचं काम नेकचा बाक ठरवणं, तारांची उंची सॅडलवर ठरते.

सतराव्या फ्रेटवर तारांची उंची सगळीकडे १.६ मिमीच्या आसपास ठेवा. या गोलाईला ती उंची नीट मानवते. बेंड मरत नाही आणि जाड ई जोरात छेडली तरी फारशी फडफडत नाही. इथे तीन सॅडलच्या ब्रिजची एक खोड कळते: सॅडल खाली नेले की उंचीचे बारीक स्क्रू वर डोकावतात आणि तळहाताने तारा दाबून वाजवताना टोचतात. दोन उपाय आहेत. स्क्रू थोडेच वर असतील तर आखूड स्क्रू घाला. फारच वर असतील, किंवा सॅडल तळाला टेकूनही तारा उंच असतील, तर नेकचा कोन कमी पडतोय. तारा सैल करून नेक काढा, बॉडीतल्या नेकच्या खाचेत पिकअपच्या बाजूच्या टोकाला ०.२५ मिमीची पातळ पट्टी ठेवा आणि नेक परत बसवा. नेक किंचित मागे झुकतो, तारा खाली येतात, मग सॅडल वर उचलावे लागतात आणि स्क्रू त्यांच्या आत जातात.

नट हा माझ्या मते या किमतीच्या बहुतेक गिटारचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावरची फट पाहा. कागदाचा एक कपटा जेमतेम सरकेल इतकीच हवी. जास्त असेल तर मोकळ्या तारा सुरात असूनही पहिल्या तीन फ्रेटमधल्या कॉर्ड चढ्या वाजतात आणि एफची बारे कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं) धरताना हात दुखतो; मग लोक बोटांना दोष देतात. खाच खोल करायला तारेच्या जाडीची नट फाइल लागते. दोन-तीन घासे, तार ठेवून पाहा, पुन्हा दोन घासे. फाइलचा उतार हेडस्टॉककडे असू द्या, म्हणजे तार नटच्या फ्रेटबोर्डकडच्या कडेवरच टेकेल. खाच प्रमाणाबाहेर खोल गेली तर मोकळी तार फडफडते आणि नवं नट बसवण्यावाचून इलाज नाही, म्हणून खात्री नसेल तर हे काम जाणत्याकडून करून घ्या. जी (G) तार ट्यून करताना टिक टिक आवाज करत टप्प्याटप्प्याने सरकत असेल तर ती खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की बहुतेक वेळा भागतं.

इंटोनेशनला, म्हणजे फ्रेटवर दाबलेले सूर बरोबर लागण्याला, हात लावण्याआधी पिकअप खाली करा. तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून जाड ईखाली २.४ मिमी आणि बारीक ईखाली २ मिमी अंतर ठेवा. आवाज वाढवायला म्हणून पिकअप वर चढवले की चुंबक तारेलाच ओढायला लागतात. जाड ई बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवली तर एकाच सुरात दोन सूर थरथरतात, आणि अशा अवस्थेत ट्यूनरचा काटा स्थिर होत नाही. ब्रिज पिकअप तीन स्क्रूंवर टांगलेला असतो, त्यामुळे तो तिरकाही करता येतो. नेक पिकअपचे स्क्रू पिकगार्डवर दिसत नसतील तर ते थेट लाकडात आहेत, म्हणजे पिकगार्ड काढल्याशिवाय उंची बदलता येणार नाही.

आता सॅडल मागेपुढे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरलेला असेल तर नेककडे आणा. अडचण ही की एका सॅडलवर दोन तारा, आणि दोघींना हवी असलेली लांबी वेगळी. ई-ए जोडीत ई चढते आणि ए उतरते, बी-ई जोडीत बी चढते. डी-जी जोडी सगळ्यात त्रासदायक, कारण साधी, म्हणजे वर बारीक तार न गुंडाळलेली जी तार डीपेक्षाही जास्त लांबी मागते. पन्नासच्या दशकात जी तारही गुंडाळलेली असायची, त्यामुळे तेव्हा हे इतकं खुपत नव्हतं. दोघींमधला मध्य काढा. ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून दोन सुरांच्या पॉवर कॉर्ड जास्त वाजवत असाल तर ई-ए आणि डी-जीमध्ये जाड तारेकडे झुका. मध्य पटत नसेल तर तिरपे कापलेले, कॉम्पेन्सेटेड पितळी सॅडल घाला. या गिटारवर एकच पार्ट बदलायचा ठरला तर माझी निवड हीच.

एवढं झाल्यावर तिचा खरा आवाज ऐका. ब्रिज पिकअप टोकदार आहे, पण टोन सातवर आणला की टोचत नाही. नेक पिकअपवर धातूचं कव्हर असल्याने वरचे सूर थोडे दबतात. गढूळ वाटला तर त्याचा जाड तारांकडचा भाग आणखी खाली करा. मधल्या खटक्यावर दोन्ही पिकअप मिळून जो मोकळा, काचेसारखा आवाज येतो, तो साध्या कॉर्डला फार शोभतो. व्हॉल्यूम खाली केल्यावर आवाज मंद होत असेल तर व्हॉल्यूमच्या पॉटच्या (बटणाखालचा भाग) सिग्नल आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या टोकांत ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडा. जास्त गेनवर (ड्राइव्ह वाढवल्यावर) ब्रिज पिकअप शिट्टी मारत असेल तर त्याच्या स्प्रिंग काढून रबरी नळीचे तुकडे घाला. बऱ्याच शिट्ट्या सैल पिकअपच्याच असतात.

राहिला जॅक, म्हणजे केबल लावायची जागा. जुन्या पद्धतीचा कप लाकडात रुतलेल्या पत्र्याच्या चापावर उभा असतो. वापराने जॅकचं नट (बोल्टसारखं आवळायचं) सैल होतं आणि आपण बाहेरून पाना फिरवला की अख्खा जॅक आतल्या आत फिरून वायर तुटते. नट आवळताना आतला जॅक धरून ठेवा. चापच सैल झाला असेल तर दोन स्क्रूंनी बसणारी प्लेट लावा. पाइन मऊ असल्याने आधी बारीक भोकं पाडा आणि स्क्रू हाताने आवळा; मशिनने आवळले तर भोकातला आटा पहिल्याच खेपेला जातो.