राष्ट्रपती कोणाच्या?

सोमवारी, २५ जुलै २०२२ ला, सकाळी दिल्लीत द्रौपदी मुर्मू राष्ट्रपतीपदाची शपथ घेत होत्या तेव्हा आमच्याकडे लाईट नव्हती. मंडणगड तालुक्यात जुलैत हे नेहमीचंच, इन्व्हर्टरची बॅटरी पण आदल्या रात्रीच उतरलेली, त्यामुळे माझ्या सेवा केंद्रातला कॉम्प्युटर, प्रिंटर सगळं बंद आणि बाहेरच्या बाकड्यावर पाच-सहा माणसं छत्र्या मिटून बसलेली. मी मोबाईल फायलींच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला आणि शपथविधी लावला. रेंज एक काडी, चित्र अडकत अडकत येत होतं.

त्या माणसांत आमच्या शेजारच्या कातकरी वाडीतली एक मावशी होती, मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी आलेली. ही तिची चौथी खेप. दिवाळीनंतर ही मंडळी कोळशाच्या भट्टीवर नाहीतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात, म्हणजे कागदपत्रं करायला त्यांना हेच दोन-तीन महिने. मावशीच्या बोटांच्या रेषा कोळशाने आणि राबून अशा झिजल्यात की अंगठा मशीनवर उठतच नाही, मी तेल लावून बघितलं, ओल्या फडक्याने पुसून बघितलं, दहा वेळा लावला तर एकदा लागतो.

ती मोबाईलसमोर वाकून बघायला लागली. मुर्मूबाईंनी ती पांढरी, हिरव्या-लाल काठांची संथाळी साडी नेसलेली. मावशी बराच वेळ काहीच बोलली नाही, मग मला विचारते, "ताई, ही आमच्यातली काय?" मी म्हटलं, संथाळ आहेत, ओडिशाच्या, पण हो, तुमच्यासारख्याच आदिवासी. भाषणाच्या सुरुवातीला बाई "जोहार" म्हणाल्या. मावशीला तो शब्द माहीत नव्हता, तरी तिने पदर सारखा केला, कोणी मोठं माणूस घरात आल्यावर करतात तसा.

तेवढ्यात बाकड्यावरून एक जण बोलला, "शिक्का मारायला बसवल्यान हो, दुसरा काय." त्यावर दुसरा लगेच, "तुमच्या लोकांच्या पोटात दुखणारच." झालं. दोघं एकाच गावचे, एकाच एसटीने आलेले, आणि शपथविधी राहिला बाजूला, महाराष्ट्रात जूनमध्ये शिवसेना फुटली त्यात कोण गद्दार आणि कोण निष्ठावान यावर सुरू झाले. मावशी मोबाईलपासून मागे सरकली आणि परत कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मला त्या दोघांचा इतका राग आला की मी बोलले, शपथ तरी पूर्ण होऊ द्या. आज रविवार, सहा दिवस झाले पण तो राग गेला नाही, म्हणून हे लिहितेय.

अर्थात त्या दोघांना काय बोलणार, आमच्या घरातच तेच चाललंय. काका जुने शिवसैनिक, ते ठाकरेंसोबत. चुलतभाऊ म्हणजे त्यांचाच मुलगा, आम्ही त्याला दादा म्हणतो, तो आमदारांबरोबर शिंदे गटात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात गेला महिनाभर घराघरात हेच आहे, आमचे दापोलीचे आमदार योगेश कदम तिकडे, रत्नागिरीचे सामंत तिकडे, सावंतवाडीचे केसरकर तिकडे, आणि गुहागरचे भास्कर जाधव, राजापूरचे साळवी, कुडाळचे वैभव नाईक इकडे. एकाच चुलीवर जेवणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत. लावणीला सुद्धा दादा काकांच्या आधी शेतावर जातो आणि काका आले की बांधावरून दुसरीकडे निघून जातो. काकू दोघांचा चहा वेगळा करते.

आणि कमाल म्हणजे राष्ट्रपतीपदाला दोन्ही गटांनी पाठिंबा दिला तो मुर्मूंनाच! उद्धवसाहेबांनी १२ जुलैला जाहीर केलं, पक्षातल्या आदिवासी कार्यकर्त्यांनी विनंती केली म्हणून देतोय असं सांगितलं, त्यावरून काँग्रेसवाले नाराज झाले. मला वाटलं चला, निदान या एका विषयावर घरात शांतता. कसली शांतता. दादा म्हणतो, खासदार फुटायला लागले म्हणून घाबरून पाठिंबा दिला. काका म्हणतात, शिवसेनेने राष्ट्रपतीपदाला कधी युती-आघाडी बघितली नाही, २००७ ला भाजप शेखावतांच्या मागे असताना बाळासाहेबांनी प्रतिभाताईंना मतं दिली, २०१२ ला प्रणवदांना दिली. ते खरंच आहे. मला आठवतंय, प्रतिभाताई निवडून आल्या तेव्हा काकांनी नाक्यावर पेढे वाटले होते, मराठी बाई राष्ट्रपती झाली म्हणून. त्या काँग्रेसच्या होत्या हे त्या दिवशी त्यांच्या तोंडातून एकदाही आलं नाही. मग १८ ला मतदान झालं आणि १९ ला बारा खासदार शिंद्यांकडे गेले, मग तर दादाला बोलायला आणखीनच जोर आला.

२१ तारखेला रात्री निकाल. मुर्मूंना ६,७६,८०३ आणि विरोधकांचे उमेदवार यशवंत सिन्हांना ३,८०,१७७. हे आकडे माणसांचे नाहीत, मतमूल्याचे आहेत, परवा केंद्रात एका कॉलेजच्या मुलाला पण हे समजावून सांगावं लागलं. महाराष्ट्राच्या एका आमदाराचं मत १७५ चं, उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, सिक्कीमच्या आमदाराचं ७, खासदाराचं यावेळी ७००. आमदारांचं मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून काढतात. मतदान गुप्त, पक्षाला व्हीप म्हणजे अमक्यालाच मत द्या असा आदेश काढता येत नाही, पेनसुद्धा निवडणूक आयोगाने दिलेलंच वापरायचं, जांभळ्या शाईचं. ही सगळी व्यवस्था ज्यांनी घातली त्यांना हेच हवं होतं ना, की निदान या एका खुर्चीसाठी माणसाने पक्षाचा दोर सोडून मत द्यावं. आमच्या मंडणगडचंच बघा, आमदारांचा गट मुर्मूंच्या बाजूने, आणि आमचा भाग रायगड लोकसभेत येतो त्यामुळे खासदार तटकरे, त्यांची राष्ट्रवादी सिन्हांच्या बाजूने. म्हणजे आमच्या तालुक्याने दोघांनाही मत दिलंय असं म्हणायला हरकत नाही. १९६९ ला तर गिरी आणि संजीव रेड्डींच्यात दुसऱ्या पसंतीची मतं मोजायला लागली होती, पंतप्रधान इंदिरा गांधींनी स्वतःच्याच पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध अंतरात्म्याचा आवाज ऐका असं सांगितलं, काँग्रेस फुटली, निवडणुकीचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि राष्ट्रपती गिरी स्वतः साक्षीला गेले. म्हणजे भांडण नवीन नाही. पण शपथ झाल्यावर तरी ते माणूस सगळ्यांचं होतं, असं मी शाळेत शिकले आणि मी ते अजून मानते.

निकालाच्या रात्री नाक्यावर फटाके वाजले. दादानेच लावले. स्टेटसला मुर्मूबाईंचा फोटो, त्यांच्याहून मोठे नेत्यांचे फोटो. नाक्यापासून कातकरी वाडी चालत वीस मिनिटांवर आहे, पेढ्याचा एक बॉक्स घेऊन तिथे कोणी गेलं नाही. दादाला मी हे तोंडावर सांगितलं. आदिवासी बाई राष्ट्रपती झाली म्हणून तू फटाके लावतोस आणि आपल्या वाडीतल्या आदिवासींना ते कोणी कळवलं पण नाही, मावशीला चार दिवसांनी माझ्या मोबाईलवर कळलं. तो काही बोलला नाही.

आणि काकांच्या बाजूचे लोक पण मला तेवढेच चुकले वाटतात. बुधवारी ठाकरेंच्या आघाडीतल्या काँग्रेसच्या लोकसभेतल्या नेत्याने, अधीर रंजन चौधरींनी, मुर्मूंबद्दल तो "राष्ट्रपत्नी" शब्द काढला, गुरुवारी संसदेत गोंधळ, शुक्रवारी त्यांनी माफीचं पत्र लिहिलं, हिंदी नीट येत नाही, जीभ घसरली म्हणाले. घसरली असेल. पण त्या पत्राआधीच आमच्या फॅमिली ग्रुपवर त्यावरून विनोद सुरू झालेले, ते कोणाची जीभ घसरून आले? आमच्या पंचायत समितीला बाई सभापती झाल्या, जिल्हा परिषदेत विषय समित्यांवर बायका सभापती होतात, आम्ही सरळ "सभापती मॅडम" म्हणतो, कधी कोणाला त्या शब्दातला पती खटकला नाही. दिल्लीत एक आदिवासी बाई त्या जागेवर बसल्यावरच कसा खटकला?

आता ते रबर स्टॅम्पचं. हा आक्षेप मी फेकून देत नाही कारण तो खोटा नाही. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमदांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली, मंत्रिमंडळाची बैठक झालेली नसताना. राष्ट्रपतींना सरकारच्या सल्ल्याने चालावं लागतं, घटनेतच तसं आहे. पण त्याच खुर्चीतून नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस फेरविचाराला परत पाठवली, कलामांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचं विधेयक एकदा परत पाठवलं. आणि मुर्मूबाई स्वतः झारखंडच्या राज्यपाल असताना त्यांनी काय केलं ते इथे कोणालाच माहीत नाही म्हणून सांगते. आदिवासींच्या जमिनी शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता याव्यात म्हणून तिथल्या सरकारने छोटानागपूर आणि संथाल परगणा कुळकायद्यात बदल करणारी विधेयकं आणली, सरकार भाजपचं, बाई भाजपच्या, आणि २०१७ ला त्यांनी ती विधेयकं सही न करता परत पाठवली. कुळकायदा म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला वेगळं काही सांगायला लागत नाही. आमच्या वाडीतल्या कातकऱ्यांची घरं अजून दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहेत, मालकाने उठ म्हटलं की उठायचं. मग ज्या बाईने हे एकदा करून दाखवलंय तिला शपथेच्या दिवशीच शिक्का म्हणून मोकळं व्हायचं हे मला पटत नाही. उद्या चुकीच्या कागदावर सही केली तर मी पहिली बोलेन. तेव्हा बोलूया ना.

त्यांच्याबद्दल वाचलेलं एक मात्र डोक्यातून जात नाहीये. उमेदवारी जाहीर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रायरंगपूरच्या शिवमंदिरात नेहमीसारख्या झाडू मारत होत्या. नवरा गेला, दोन मुलगे गेले, त्यानंतर हे सगळं. आणि त्यांच्या उपरबेडा गावातल्या एका पाड्यावर वीज पोचवायचं काम त्यांचं नाव जाहीर झाल्यावर सुरू झालं. सोमवारी अंधारात बसून शपथविधी बघताना मला तेच आठवत होतं.

फेब्रुवारीत कोविंदसाहेब आंबडव्याला आले होते, बाबासाहेबांच्या मूळ गावी, १२ तारीख होती. आपल्या तालुक्यात राष्ट्रपती येतायत म्हणून आम्ही सगळे गेलो. तेही भाजपचेच उमेदवार होते, समोर मीरा कुमार होत्या, २०१७ ला केवढा वाद झाला होता. पण त्या दिवशी दोरीच्या अलीकडे उन्हात काका आणि दादा शेजारी शेजारी उभे होते, दादाने काकांच्या डोक्यावर टॉवेल धरलेला, आणि गाड्यांचा ताफा गेला तेव्हा काकांनी नमस्कार केला. त्याला सहा महिनेसुद्धा झाले नाहीत अजून.

काल रात्री काकूने मला हळूच विचारलं, गणपतीत तरी हे दोघं एका पंगतीला बसतील काय गो? गणपती ३१ ऑगस्टला. मी काय सांगणार.

मावशीच्या कामाचं असं आहे की अनुसूचित जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवासाचा पुरावा लागतो. तिच्या सासऱ्याच्या वडिलांनी शाळेचं तोंड बघितलं नाही, जमीन नाही, घर नावावर नाही, मग पुरावा कुठून आणायचा? जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्याला इकडे सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात कुठेतरी नाव असेल एवढीच आशा. मागच्या वेळी तिने एका ऑफिसात विचारलं तर रजिस्टर शोधायचंच नाकारलं, पानं फाटलीत म्हणाले. मुलगी दहावी झाली आहे, त्या वाडीतली दहावी झालेली ती पहिलीच, आणि अकरावीचं ॲडमिशन, हॉस्टेल सगळं त्या एका कागदावर अडलंय.

सोमवारी लाईट साडेबाराला आली. मावशीचा अंगठा सातव्यांदा लागला. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "ताई, त्या बाईचा फोटू निघंल काय?" मी रंगीत प्रिंट काढून दिली, पैसे घेतले नाहीत. तिने ती घडी न घालता रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सरळ सरकवली, पिशवीचं तोंड दोनदा मुडपलं, आणि पोरीला म्हणाली, भिजवू नको.

उद्या मी केंद्र बंद ठेवून तिच्याबरोबर रेकॉर्ड रूमला जाणार आहे. दादाला गाडी विचारली होती, तो येतो म्हणाला. काकांना जुनी मोडी थोडी वाचता येते, म्हणून त्यांनाही विचारलंय. दोघांना एकमेकांचं सांगितलेलं नाही.